बातमीत घातलेलं नाव

मंगळवारी सकाळी माझे पती गेले. ते रिसोडहून एका दैनिकाला बातम्या पाठवत. मी वाचनालयात काम करते. त्यांच्या बातम्या टाइप करून पाठवणं माझ्याकडे होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी केनवडकडच्या एका वस्तीतली बाई भेटायला आली. काही वर्षांपूर्वी ती, तिचा नवरा आणि आणखी तीन कुटुंबं परजिल्ह्यातल्या वीटभट्टीवर अडकली होती. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत मालक कोणाला सोडत नव्हता. तिची आई वारली तेव्हा तिला एकटीला दोन दिवस गावी येऊ दिलं, नवऱ्याला ठेवून घेतलं. तेव्हा तिने माझ्या पतींना सगळं सांगितलं.

त्यांनी लिहिलं, ‘एका मजूर महिलेने सांगितले.’ नाव नसलेली बातमी दैनिकाच्या कचेरीतून परत यायची. घाईत राहिलं असेल, असं समजून मी त्यांच्या वहीतलं तिचं नाव बातमीत घातलं. त्यांना विचारलं नाही. परदेशात गुलामगिरीविरुद्ध लढणारी वर्तमानपत्रं पळून आलेल्यांची नावं दडवत, हे मी वाचलेलं होतं. तेव्हा आठवलं नाही.

सकाळी पेपर भट्टीवर पोचला आणि नावावरून मालकाला कळलं, बातमी त्याच्याच भट्टीची आहे. दुपारी तहसीलदारांची गाडी गेली, तेव्हा झोपड्या रिकाम्या होत्या. मालकाने सगळ्यांना ट्रकमध्ये घालून हलवलं होतं.

ती आमच्या दारात आली. “सायेब, माहं नाव कायले टाकलं? माह्या माणसाले काही झालं म्हंजे?” मग शिव्या दिल्या.

“चुकलं माह्याकडून,” ते म्हणाले. मी आतच थांबले.

पुढे ते रोज चार ओळी पाठवत राहिले: माणसं अजून सापडलेली नाहीत. कचेरीतले कंटाळले, पण छापत राहिले. शेवटी दुसऱ्या तालुक्यातल्या एका चहावाल्याने ते वाचून फोन केला. चारही कुटुंबं सुटून आली.

तेरवीच्या आदल्या दिवशी ती आली, तेव्हा मी तिला खरं सांगितलं.

“म्हंजे त्या शिव्या तुमच्या व्हत्या?”

“हो.”

“अन् त्यायनं गुमान ऐकून घेतल्या?”

“हो.”

“तेरवी होऊ द्या, मंग देईन तुमाले.”

तेरवीला ती आली, जेवली, शिव्या न देताच गेली.

तिच्या वस्तीतून यंदाही दोन कुटुंबं भट्टीवर गेली आहेत. तिकडची बातमी पाठवणारं आता कोणी नाही.