शेजारच्या टेबलाचा वास

पाणीपुरवठा कार्यालयात तिला सगळे जंत्री म्हणत. कुठल्या गल्लीतल्या कुठल्या घराला नळ कधी जोडला आणि त्याचा कागद कुठल्या कपाटातल्या कितव्या गठ्ठ्यात आहे, हे ती डोळे मिटून सांगे. चोवीस वर्षं ती तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये बसली. उंचावर एकच खिडकी, लोखंडी मांडण्या आणि हात लावला की ढग उठावा इतकी धूळ. पण तिला कधी एक शिंक आली नाही. शिपाई म्हणे, "जंत्रीबाईंची फुप्फुसं पत्र्याची आहेत."

तिची मैत्रीण वरच्या मजल्यावर टायपिस्ट होती. टाइपरायटर जाऊन संगणक आले, तरी ती कीबोर्डवर अशी बोटं आपटे की जिन्यात ऐकू येई. म्हणून तिचं नाव टकटक. दोघी एकाच आठवड्यात नोकरीला लागल्या होत्या आणि तेव्हापासून दुपारचा डबा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकत्र खात होत्या. टकटक बोलणारी, जंत्री ऐकणारी. जंत्रीला मूलबाळ नव्हतं. टकटकचा मुलगा शाळेतून थेट कार्यालयात येई, रेकॉर्ड रूमच्या फरशीवर पालथा पडून गृहपाठ करी आणि जंत्रीला मावशी म्हणे.

टकटकचा नवरा सहा वर्षांपूर्वी अचानक गेला. दर वाढदिवसाला तो तिला एका अत्तराची निळी बाटली आणून द्यायचा. तो गेल्यावर तीच बाटली ती स्वतः आणू लागली. रोज सकाळी कानामागे दोन थेंब. "लावलं की ते आल्यासारखे वाटतात," ती एकदा गच्चीवर म्हणाली होती. "मग आम्ही दोघं मिळून कुलूप लावतो आणि मी कामाला निघते." गच्चीवर वारा असे. तो वास जंत्रीपर्यंत आला तरी झुळकीसारखा यायचा आणि जायचा.

मग जुने कागद संगणकात चढवायचं ठरलं. रेकॉर्ड रूमला कुलूप लागलं आणि जंत्रीला वरच्या मजल्यावर, नेमकं टकटकच्या शेजारचं टेबल मिळालं. दोघींना आकाश ठेंगणं झालं. टकटकने आपल्या हाताने टेबल पुसून ठेवलं होतं. "आता बघ," ती म्हणाली, "निवृत्त होईपर्यंत तुझी सुटका नाही."

वरचा हॉल नुकताच नवा केला होता. खिडक्या कायमच्या बंद, छतातून थंड हवा, आणि भिंतीवर एक पांढरी डबी. ती दर पंधरा मिनिटांनी फुस्स करून फुलांच्या वासाचा फवारा सोडी. कुठल्या फुलाचा ते कोणालाच सांगता येत नसे.

दुसऱ्या आठवड्यात जंत्रीचं डोकं दुखू लागलं. मग घसा. दुपार झाली की आवाज बसे, इतका की फोनवर पलीकडचा माणूस "कोण बोलतंय, कोण बोलतंय" म्हणून ओरडे. मानेवर लाल गांधी उठत. महिन्याभराने छातीत घरघर सुरू झाली. घरी येऊन दार उघडं टाकून ती उंबऱ्यावरच बसे, आणि तासाभराने हळूहळू माणसात येई.

पहिल्या डॉक्टरांनी वयाला बोल लावला. दुसऱ्यांनी विचारलं, घरी काही ताण आहे का. तिचा नवरा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. तो म्हणाला, "ताण मीच असेन. पण मी पंचवीस वर्षं घरात आहे, आजच कसा चढलो?"

तिसऱ्या होत्या एक डॉक्टरीणबाई. त्यांनी तिला वही करायला सांगितली. कधी त्रास झाला, कुठे होतात, आजूबाजूला काय होतं. नोंदी ठेवणं हा तर जंत्रीचा जन्माचा धंदा. तीन आठवड्यांनी तिने रेघा मारलेली वही पुढे ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे सलग तीन दिवस तुम्ही बऱ्या होतात. भिंतीवरची डबीपण रिकामी होती. पण डबी भरल्यावरही एक दिवस बरा गेलाय. इथे लिहिलंय, टकटक रजेवर. ही टकटक काय आहे?"

"माझी मैत्रीण आहे," जंत्री म्हणाली आणि तिला ती निळी बाटली आठवली.

ह्यावर ठाम असं औषध नव्हतं. कृत्रिम वासांपासून लांब राहायचं, एवढंच. घरात नवऱ्याने दाढीनंतरचं पाणी टाकून दिलं, कपड्यांचा साबण बदलला, फरशीचं वासाचं फिनेल बंद केलं. "तुझं नाक म्हणजे बड्या घरचा पाहुणा झालंय," तो म्हणे. "त्याच्या कलाने सगळं." पण करायचा. कार्यालयात तिने साहेबांना सांगून भिंतीवरची डबी काढवून घेतली. थोडी कुरकुर झाली. तिचा त्रास निम्मा कमी झाला. उरलेला निम्मा शेजारच्या टेबलावर बसून टकटक करत होता.

सांगायचं तिने तीनदा ठरवलं. पहिल्यांदा टकटक म्हणाली, "काय गं, चेहरा असा का? माझ्यावर रागावलीस?" आणि हिने "छे गं" म्हणून विषय बदलला. दुसऱ्यांदा शिपाई मध्येच आला. तिसऱ्यांदा गच्चीवर तिने तोंड उघडलं, तेवढ्यात टकटक म्हणाली, "आज त्यांना जाऊन सहा वर्षं झाली." जंत्रीने तोंड मिटलं. त्या दुपारी तिला इतकी धाप लागली की जिना उतरताना ती दोनदा बसली.

मग तिने अर्ज लिहिला. अत्तर कोणाचं, ते नाव घातलं नाही. डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडलं आणि खाली लिहिलं, "शेजारील टेबलावरून येणाऱ्या अत्तराच्या वासामुळे मला श्वसनास त्रास होतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवताना तिला वाटलं, साहेब बदली करतील, आपल्याला दुसरीकडे बसवतील, कोणाला काही कळायचं नाही.

साहेब नियमाला धरून चालणारे. त्यांनी अर्ज वाचला, वर शेरा मारला, "सर्वांसाठी सूचना काढावी," आणि सूचना टाइप करायला कागद पुढे पाठवला. कार्यालयात टायपिस्ट एकच होती.

जंत्रीने शेजारून ते पाहिलं. टकटकने अर्ज उचलला, वाचला. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. पुन्हा वाचला. मग ती टाइप करू लागली. त्या दिवशी बोटांचा आवाज आला नाही. सूचना छापली, सही आणली, फलकावर चार टाचण्यांनी लावली आणि जागेवर येऊन बसली.

"चोवीस वर्षं एका टाकीखाली जेवलो आपण," ती जंत्रीकडे न बघता म्हणाली. "आणि मला अर्ज?"

"मला सांगवेना गं."

"काय सांगवेना? 'अत्तर लावू नकोस' एवढंच ना? मी काय तुला खाल्लं असतं?"

जंत्रीचा आवाज बसला होता. तिने हात पुढे केला. टकटकने आपली पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी टकटक अत्तर न लावता आली. आल्या आल्या शिपायाला हाक मारून तिने आपलं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला, झेरॉक्स मशीनपाशी नेलं. बोलणं कामापुरतं उरलं. डबा ती तिथेच खाऊ लागली. जंत्री काही दिवस गच्चीवर एकटी गेली, मग तिनेही जाणं सोडलं.

कार्यालयाला मात्र चघळायला विषय मिळाला. "बाईंच्या नाकावर माशी बसत नाही," कोणी म्हणे. "माशीने पावडर लावलेली असते ना," दुसरा म्हणे. एका कारकुनाने मुद्दाम रुमालावर फवारा मारून तिच्या टेबलावर फाईल आणून दिली. त्याला वाटलं गंमत होईल. ती गॅलरीत जाऊन कठड्याला धरून अर्धा तास उभी राहिली. तेव्हा टकटक आपल्या जागेवरून उठली आणि तिने त्या कारकुनाला सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं, की तो आठवडाभर तिच्या टेबलावरून गेला नाही. पण जंत्रीकडे ती आली नाही.

एकदाच जंत्रीने जिन्यात तिला गाठलं. "मला माफ कर."

"माफ काय करायचं? तुला दम लागत होता," टकटक म्हणाली. "मला लागत असता, तर मी आधी तुझ्याकडे आले असते. एवढंच." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

अशी दोन वर्षं गेली. जंत्रीची तब्येत सुधारली, गांधी उठेनाशा झाल्या. टकटक निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता, हार होते, नटूनथटून लोक आले होते. जंत्री दाराबाहेर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

पुढच्याच वर्षी टकटकच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आईचं रक्त बिघडलंय. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तुझी आठवण काढते."

ती गेली. मुलाने दोन दिवस आधीपासून घर उघडं टाकलं होतं. चादरी साध्या साबणात धुतल्या होत्या, स्वतः तर नुसत्या पाण्याने आंघोळ केली होती. खोलीत वास म्हणून कशाचाही नव्हता. पलंगावर टकटक एवढीशी झाली होती.

"ये," ती म्हणाली. "अर्ज आणलायस का?"

जंत्रीला हसू आलं आणि ते रडण्यात गेलं. मग तिने खुर्ची पलंगापाशी ओढली.

"अत्तर लावतेस ना घरी?" जंत्रीने विचारलं.

"नाही गं. आधी तुझ्यासाठी नाही लावलं. मग तुझ्यावरच्या रागाने सुट्टीच्या दिवशीपण नाही लावलं. मग सवय मोडली." टकटकने श्वास घेतला. "आणि सवय मोडली तसे ते सकाळचे यायचे थांबले. आता चेहरा आठवतो, पण माणूस येत नाही."

"आत्ता लाव. मी दारात बसते."

"वेडी आहेस का?"

जंत्रीने ऐकलं नाही. मुलाने कपाटातून निळी बाटली काढली. तळाशी थोडं उरलं होतं, तपकिरी पडलेलं. त्याने आईच्या मनगटाला लावलं. टकटकने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि मान हलवली. "आंबलंय. हे ते नव्हेत."

बाटलीवरचं लेबल केव्हाच पुसलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी जंत्रीने रजा टाकली, ती बाटली पिशवीत घेतली आणि जी अत्तराची दुकानं टाळायला ती तीन वर्षं रस्ता ओलांडून जात होती, तिथे गेली. दोन दुकानांत नकार मिळाला. तिसऱ्या दुकानदाराने तोंडाला ओला रुमाल बांधलेली बाई बघितली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेरच थांबा. मी आणून दाखवतो. कंपनीने बाटली बदलली, नावही बदललं. त्यातलं कुठलं ते तुम्हीच ओळखा."

त्याने कागदाच्या पट्ट्या आणल्या. फुटपाथवर उभं राहून तिने रुमाल खाली ओढला. पहिली, दुसरी, तिसरी. डोळ्यांतून धारा लागल्या. चौथी पट्टी नाकाजवळ आली आणि तिला शेजारचं टेबल दिसलं, पुसून लख्ख केलेलं. घसा आतून आवळत गेला.

"हेच," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, पण दुकानदाराला कळलं.

बाटली तिने एकात एक तीन पिशव्यांत बांधून टकटकच्या मुलाच्या हातात दिली, इमारतीच्या फाटकापाशी. वर गेली नाही. थोड्या वेळाने त्याचा फोन आला आणि त्याने तो आईच्या कानाशी धरला.

"आले गं," टकटक म्हणाली. एवढंच. मग नुसता श्वास ऐकू येत राहिला.

त्यानंतर रोज सकाळी मुलगा आईच्या कानामागे दोन थेंब लावी. म्हणजे त्या खोलीत जंत्रीला जाता येणार नव्हतं. हे तिला बाटली घेतानाच माहीत होतं. रोज कामाला जाताना ती त्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर थांबे आणि फोन लावी. टकटक विचारी, "कुठे आहेस?" ही म्हणे, "खालीच." मग टकटक बोले, नाहीतर नुसती ऐके. कधी जंत्रीच बोलत राही, कार्यालयातल्या गमती, त्या कारकुनाची बदली, नव्या टायपिस्टच्या चुका. उभ्या जन्मात बोलली नसेल इतकी ती त्या दिवसांत बोलली. शेवटच्या आठवड्यात उत्तर येणं बंद झालं, तरी मुलगा फोन आईच्या उशीवर ठेवी आणि ही बोले.

असे एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी ती पोचली तेव्हा फाटकाशी माणसं उभी होती. फोन लावायची गरज उरली नाही. कोणी तिला वर चला म्हणालं. तिने मान हलवली.

थोड्या वेळाने मुलगा खाली आला. रस्त्याच्या अलीकडे चार पावलांवर थांबला. "जवळ येत नाही मावशी," तो म्हणाला. "हाताला आहे. सकाळी लावलं, आणि मग पंधरा मिनिटांत..." फरशीवर पालथा पडून गृहपाठ करणारा तो पोरगा आता कानशिलावर पिकायला लागला होता, आणि हात पाठीमागे धरून उभा होता.

जंत्री चार पावलं गेली आणि तिने त्याला पोटाशी धरलं. त्याच्या बोटांना, शर्टाला, सगळीकडे तो वास होता. जमेल तितका वेळ तिने धरून ठेवलं. तो फार नव्हता. तिची छाती वाजू लागली तशी त्यानेच तिला हलकेच बाजूला केलं. "पुरे मावशी. पुरे."

नवरा येईपर्यंत ती बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. त्याने तिला घरी नेलं, दारं उघडली, पाणी दिलं. दोन दिवस तिच्या गळ्यातून शब्द निघाला नाही. कोणी भेटायला आलं की ती नुसती मान हलवे. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज परत आला, तेव्हा तिला मोठ्याने रडता आलं.