भोंग्यावर आलेला आळ

१९६८ साल. मी तीस वर्षांचा. खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत, बॉयलरसमोर, नामदेव हमालानं माझी कॉलर धरली होती.

"मिस्त्री, तुह्या भोंग्यानं माह्या पोरीचे कान गेले!"

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. आमच्या मशिनी वाफेवर चालायच्या. पाळी बदलली की त्याच वाफेवर भोंगा वाजायचा. मी चौथी नापास, पण फिटर म्हणून माझ्या तोडीचा कुणी नव्हता. त्या सीझनला भोंग्याचं तोंड घासून मीच आवाज वाढवला होता. अर्धं खामगाव त्यावर घड्याळ लावायचं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

नामदेवची बायको सरू आमच्याकडंच कापूस निवडायची. तिची तीन वर्षांची कुसुम बॉयलरच्या भिंतीशी गोणपाटावर निजायची. आधी भोंगा झाला की रडत उठायची. आता हलतही नव्हती.

मॅनेजर म्हणाले, "भोंगा काढून टाका. लोक भडकलेत."

"काऊन काढू साहेब? मी त्याच्या बुडाशी रोज उभा राह्यतो. माहे कान गेले का?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. पन डॉक्टरले इचारून येतो. चूक निघाली तर माह्या हातानं भंगारात टाकतो."

नामदेव यायला तयार नव्हता. सरू तयार झाली. माझी बायको सोबत घेतली आणि जलंब स्टेशनवरून रेल्वेनं आम्ही नागपूर गाठलं.

कानाच्या डॉक्टरनं कुसुमच्या मागं थाळी वाजवून पाहिली. पोरीनं मान वळवली नाही. मग त्यानं सरूला विचारलं, "पोटुशी असताना ताप आला होता?"

"हाव. चौथ्या महिन्यात. गळ्याले गाठी आल्या होत्या."

"जन्मली तेव्हा कशी होती?"

"लहानशी. पिवळी पडली होती. आंगावर लाल ठिपके."

डॉक्टर माझ्याकडं वळला. "मिस्त्री, हे भोंग्याचं काम दिसत नाही. पोटात असतानाच लागण झाली असावी. अशा मुलांचे कान कधी कधी मागाहून हळूहळू जातात. नक्की सांगायला तपासणीची सोय इथं नाही."

"लिहून द्या साहेब!" मी म्हणालो. छाती फुगली होती.

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागला, तशी सरू रडायला लागली. "म्हंजे माह्यापासूनच लागलं?"

"तुझी चूक नाही बाई. हे लहान पोरांच्या लाळेतून, लघवीतून कुणालाही लागतं. मोठ्या माणसाला बहुतेकदा कळतही नाही. पोर हुशार आहे. बहिऱ्या मुलांच्या शाळेत लवकर घाला."

परतताना नागपूर स्टेशनवर सरू म्हणाली, "भाऊ, थे चिठ्ठी घरी दाखवू नोका. सासू आधीच म्हन्ते, हिची कूस वाईट हाय, पोराले दुसरी बायको करतो."

गाडीत अकोल्यापासून शेगावपर्यंत मी खिसा चाचपत राहिलो. चिठ्ठी खिशात होती.

माझी नात नर्स आहे. ती म्हणते, हा सायटोमेगॅलो व्हायरस असेल, सीएमव्ही. कुसुमचं आता कुणी सिद्ध करू शकत नाही, पण खुणा जुळतात. आता बाळाची लाळ नाहीतर लघवी पहिल्या तीन आठवड्यांत तपासली तर कळतं. काही बाळांना औषधाचा उपयोगही होतो. पोटुशी बाईनं लहान पोराचं नाक-तोंड पुसल्यावर, लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवावेत.

कुसुम ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. सातवी पास झाली, म्हणजे माझ्याहून चार यत्ता पुढं. सरू त्याच घरात नांदली. नामदेवनं दुसरी केली नाही. आपण खरे निघालो म्हणजे दुसऱ्याचं भलं झालंच असं नसतं, एवढं मी शिकलो.

नागपूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी ती चिठ्ठी भट्टीत टाकली. मग गेटवर, सगळ्यांसमोर, नामदेवला म्हणालो, "तुहं खरं होतं. भोंग्यानंच गेले कान. माही चूक. पोरीच्या शाळेचं मी पाहतो." पाना घेतला, वर चढलो आणि भोंगा खोलला.