आतल्या बाजूचा टाका

डावरीच्या वर्कशॉपमध्ये माणसं सहसा तोंड पाडूनच येतात. हातात फुटलेलं काहीतरी असतं आणि ते आपल्या हातून फुटलं नाही हे सांगायची घाई असते. त्या सकाळी आलेल्या म्हाताऱ्याने तर गोणपाटाचं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं, "जावयाने फोडलं. चेन सैल झालीय, ताणून घ्या, असं दोनदा म्हणालो होतो. पण जावई पडला. त्याला कोण शिकवणार?"

गाठोड्यात एका जुन्या मोटरसायकलच्या इंजिनचं अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग होतं. धावत्या गाडीची चेन तुटली, पुढच्या दातेरी चाकापाशी तिचा गोळा झाला आणि त्या गोळ्याने केसिंगची भिंतच आत ढकलली. तळहाताएवढा तुकडा निघाला होता. तो म्हाताऱ्याने रस्त्यावरून शोधून रुमालात बांधून आणला होता. तुकड्याच्या जागेपासून एक तडा पार मागच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. ही गाडी बनवणाऱ्या कारखान्याला टाळं लागून जमाना झाला, त्यामुळे दुसरं केसिंग मिळायची आशा नव्हती. हे सांधलं तर गाडी, नाहीतर भंगार.

"होईल का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"धुऊन बघते. मग सांगते."

"तुमच्या वडिलांकडे एकदा आणलं होतं हेच केसिंग. मागचा कोपरा तडकला होता. मी तेव्हा जवान गडी, तुम्ही अशा एवढ्याशा होतात. त्यांनी असं जोडून दिलं की आजतागायत त्या कोपऱ्याकडे बघावं लागलं नाही."

डावरीने केसिंग स्वतःकडे ओढलं. एवढीशी कसली, तेव्हा ती चांगली एकोणीस वर्षांची होती, आणि ते केसिंग ती जन्मात विसरणार नव्हती.

डावरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती डाव्या हाताने काम करते म्हणून बाजारातल्या मेकॅनिक लोकांनी ते पाडलं आणि ते इतकं चिकटलं की पाटीवरसुद्धा तेच आलं. लहानपणी तिच्या डाव्या हाताचा सगळ्यात जास्त राग तिच्या वडिलांनाच होता. वर्कशॉपमधली प्रत्येक वस्तू उजव्या हाताच्या माणसाला सापडेल अशी टांगलेली, आणि ही पोरगी सगळं उलटं करून ठेवायची. "तुझ्यामागून आवरताना माझा जीव जातो," असं ते म्हणायचे. तरी तिला हाकलून मात्र त्यांनी कधी दिलं नाही.

माणूस खडूस, पण कारागीर असा की पुन्हा होणे नाही. फुटलेलं केसिंग दोरीला टांगायचे, हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. धड धातू घंटेसारखा वाजतो, तडकलेला बद्द वाजतो. दोन-तीन ठिकाणी ठोकून ते तड्याचं टोक कुठे आहे तिथे बोट ठेवायचे. मग रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पूड टाकली की बोटाखालीच ओली रेघ उमटायची. हे पाहायला लोक स्वतःची कामं टाकून यायचे. वेल्डिंगच्या रेघेला ते टाका म्हणत, आणि स्वतःचा टाका मनासारखा उतरला तर शेजारी पंच, म्हणजे टोकदार पोलादी कांडी, ठोकून एक बारीक ठिपका उमटवत. दुसऱ्याच्या कामाला तो ठिपका कधी मिळाला नाही. हाताखालची माणसं केस पांढरे होईपर्यंत राबली, पण 'चालेल' या शब्दापुढे कोणाची बढती झाली नाही.

आणि त्या केसिंगची गोष्ट अशी. मागच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला एक आडवी भिंत होती. उजव्या हातात वेल्डिंगच्या गॅसची तोटी धरली की मनगट त्या भिंतीला अडायचं. वडिलांनी केसिंग उलटं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, स्वतः आडवे होऊन पाहिलं. शेवटी घाम पुसत म्हणाले, "ये, घाल तुझा तो उलटा हात." डावरीने हात घातला आणि तिचा डावा हात तिथे असा बसला की जणू ती जागा त्याच्यासाठीच ठेवली होती. आयुष्यातला पहिला खरा टाका तिने तिथे मारला, करंगळीएवढा. वडिलांनी वाकून पाहिलं आणि तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी केसिंग गिऱ्हाईक घेऊन गेलेलं. तिने विचारलं तर म्हणाले, "तुझं खरवडून काढलं. परत भरलं मी."

ती रडली. मग चिडली. मग भंगारातले तुकडे गोळा करून जोडत बसली, वर्षानुवर्षं. पुढे वडील गेले, वर्कशॉप तिचं झालं, लांबलांबचे लोक केसिंग घेऊन तिच्याकडे यायला लागले. पण कोणी वाखाणलं की तिच्या कानात तेच वाक्य वाजायचं. वडिलांचा पंच भिंतीवर खिळ्याला लटकत होता. तिने त्याची धूळ पुसली, तो वापरला मात्र कधीच नाही. आपलं काम ठिपक्याच्या लायकीचं नाही, हे तिने मनाशी कायमचं धरलं होतं.

म्हातारा गेल्यावर तिने केसिंग रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवलं. तिला घाई झाली होती, आणि भीतीही वाटत होती. वडिलांनी जोडलेलं सगळं गिऱ्हाइकांच्या गाड्यांत विखुरलेलं, तिच्यापाशी त्यांचा एकही टाका नव्हता. आज तो दिसणार होता, तोही नेमका तिचा खोडून मारलेला. आपलं काय चुकलं होतं ते आता कळेल, असं तिला वाटलं. कोपऱ्यात तेलाचं काळं कीट डांबरासारखं बसलं होतं. तिने ते लाकडी काडीने उकरलं, ब्रशने घासलं, पुन्हा बुडवलं. हळूहळू खालून टाका वर आला, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक, सारखा, कुठेही तुटला नव्हता. खालून आलेला नवा तडा त्या टाक्यापर्यंत पोचला होता आणि तिथेच थांबला होता. तिने मनातल्या मनात हात जोडले.

मग तिने दिवा जवळ ओढला. टाका संपतो तिथे एक लहानसा खळगा राहतो. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे जातो, त्याचा खळगा डाव्या टोकाला. हा खळगा उजव्या टोकाला होता.

डावरीने केसिंग फिरवलं. आपणच उलटं धरलं असेल म्हणून पुन्हा सुलटं केलं. खळगा उजवीकडेच. तिने स्वतःचा डावा हात आत घातला आणि तो भिंतीला न अडता अलगद जाऊन बसला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या कोपऱ्यात वडिलांचा हात शिरतच नव्हता, तिथे त्यांनी एका रात्रीत परत भरलं कसं असतं? एवढी साधी गोष्ट, आणि आयुष्य गेलं तरी तिने हा प्रश्न विचारला नव्हता. बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, ती कोण तपासून बघतो?

तोंडावर कौतुक करायचं नाही म्हणून खोटं बोलले असतील, पोरगी हवेत जाईल या भीतीने बोलले असतील, असं ती स्वतःला समजावत राहिली. उरलेलं कीट पुसायला म्हणून तिने अंगठा फिरवला, तर टाक्याच्या कडेला काहीतरी टोचलं. फडक्याने पुसलं. ठिपका होता. पंचचा, बारीक, नेमका.

ती तेलाच्या डब्यावर बसली. तिला रडू आलं आणि बापाचा संतापही आला. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण त्या बंद कोपऱ्यात, जिथे कोणाची नजर जाणार नाही, तिथे त्याने मनगट खरचटून घेत पंच घातला असणार आणि हातोडी कशी मारली असेल देव जाणे. स्वतःच्या कामासाठीसुद्धा त्याने एवढी खटपट कधी केली नव्हती.

जुन्या टाक्यावर नवा चढवायचा नाही, आधीचा खरवडायचा, हा वडिलांचाच नियम. डावरीने ग्राइंडर उचलला आणि परत ठेवून दिला. तडा जिथे थांबला तिथून तिने काम धरलं. तड्याला कानशीने खाच पाडली, केसिंग जाड पट्टीवर बोल्टने आवळलं, शेगडीवर तापवलं. जुना धातू प्यायलेलं तेल घामासारखं बाहेर सोडत होता. ती पुसत होती, पुन्हा तापवत होती. तेल यायचं थांबल्यावर तिने केसिंगच्या अंगावर साबण घासला. साबण कॉफीच्या रंगाचा झाला, म्हणजे धातू पुरेसा तापला, तशी तिने तोटी पेटवली, तुकडा जागेवर बसवला आणि डाव्या हाताने निघाली. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलून इशारा देत नाही, नुसतं चकाकतं आणि क्षणात ढासळतं. ते चकाकणं आणि ढासळणं यांच्यामधल्या फटीतून ती शेवटपर्यंत गेली. मग केसिंग सावकाश निवावं म्हणून पिंपातल्या गरम राखेत पुरलं, वर झाकण घातलं आणि सकाळपर्यंत त्या झाकणाला हात लावला नाही.

म्हातारा दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधीच दारात उभा होता. तिने केसिंग दोरीला टांगलं आणि हातोडीचा दांडा टेकवला. आवाज खोलीभर फिरला आणि बराच वेळ विरला नाही. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

"वडिलांचा हात उतरलाय तुमच्यात," तो म्हणाला. "त्यांचा तो जुना टाका आहे ना अजून?"

"आहे. पण तो त्यांचा नाही, माझा आहे," डावरी म्हणाली. हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती.

मग तिने भिंतीवरचा पंच काढला, केसिंग मांडीवर घेतलं आणि नव्या टाक्याशेजारी एक ठिपका उमटवला.

"हे कशाला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आमच्याकडे काम चांगलं झालं की करतात," ती म्हणाली, आणि केसिंग गोणपाटात बांधायला लागली.