पुढच्या गल्लीतला तर्जुमा

धारूरला माझ्या घरी दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारी मुली तर्जुमा शिकायला यायच्या. तर्जुमा म्हणजे कुराणातल्या अरबी आयतींचा अर्थ. माझ्या वालिदांनी, वडिलांनी, मला तो अस्सल उर्दूत सांगितला होता, मीही तसाच सांगायचे. मुली मराठी शाळेत शिकलेल्या. निम्मं त्यांच्या डोक्यावरून जातंय हे मला दिसायचं. तरी मी बदलले नाही.

मग माझीच एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन पुढच्या गल्लीत नांदायला आली. फळवाल्याची मुलगी. अलिफ-बे माझ्याकडं गिरवलेली, पुढं औरंगाबादेत शिकलेली. तिनं इतवारी वर्ग सुरू केला, तोही मराठीत. मुली देवनागरीत वह्या भरू लागल्या आणि माझ्या चटईवर जागा रिकामी राहू लागली. मी इतवारी त्या गल्लीतून जायचं टाळू लागले.

माझ्याकडं टिकलेल्यांत एका मेकॅनिकची मुलगी होती. ती केजच्या कॉलेजात जायची. तिथली तिची जिवलग मैत्रीण नांदूरघाटच्या हिंदू शेतकऱ्याची लेक, एका डब्यात जेवणाऱ्या दोघी. एका जुम्म्याला ती म्हणाली, "आपा, मोबाईलवर एक जण सांगत व्हता, गैरमुस्लिमांशी दोस्ती हराम हाय. आयत वाचून दाखवली त्यानं. मी तिच्याशी बोलणं सोडलंय."

मी घाबरले आणि रागावलेच. "असलं बघत जाऊ नको. उद्यापासून बोल तिच्याशी."

"पण कावून, आपा? आयत तर खरीच हाय न्हवं?"

"मोठ्यांना उलटून विचारायचं न्हाई."

पुढच्या जुम्म्याला ती आली नाही.

महिनाभरानं बांगड्यांच्या दुकानात तिची आई भेटली. खुशीत होती. "आपा, तुमच्याकडं शिकलेल्या त्या फळवाल्याच्या पोरीनं हिला लई छान समजावलं. आयत कवा उतरली, कुणाबद्दल उतरली, मागं-पुढं काय हाय, समदं वाचून घेतलं. ती लढाईतल्या दुश्मनांची गोष्ट व्हती म्हणं. जे आपल्याशी लढत न्हाईत त्यांच्याशी चांगलं वागावं, हेबी त्याच किताबात हाय. पोरगी परवा मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला जाऊन आली."

मला आनंद व्हायला हवा होता. पण छातीत आग पेटली. ती आयत मलाही पाठ होती, तिच्या मागची हकिकतही मला ठाऊक होती. मग मी का नाही सांगितली? हातातल्या बांगड्या खाली ठेवत मी इतकंच म्हणाले, "छान. पण तिच्याकडं शिकवायची सनद हाय का, विचारा एकदा."

एवढं पुरलं. दोन आठवड्यांत ते घरोघर पोचलं आणि तिचा वर्ग ओस पडला. काही मुली माझ्याकडं परतल्या आणि मी, खरं सांगते, त्या दिवशी खीर केली.

एका दुपारी फळवाल्याची मुलगी स्वतः आली, वही घेऊन. मुली बसलेल्याच होत्या. म्हणाली, "आपा, लोक म्हणतात मला सनद न्हाई. खरंच न्हाई. तुमी माझा एक सबक ऐका. चुकले तर सांगा."

मी चूक शोधायलाच बसले. ती शेजाऱ्याच्या हक्कांबद्दल सांगत होती. शेजारी कुठल्याही धर्माचा असो, त्याला आपल्या हाताचा त्रास होता कामा नये, असं. मुली मधेच प्रश्न विचारत होत्या. ती एकीवरही डाफरली नाही. शेवटी एका अरबी शब्दाचा उच्चार चुकला आणि मी लगेच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं टोकलं.

तिनं पेन्सिलीनं दुरुस्ती लिहून घेतली. "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं," म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी मेकॅनिकच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला सांगितलं, "सनदीचं मी उगाच बोलले. माझा जळफळाट झाला व्हता. पोरीला तिच्याकडं पाठवा." ती चहा ठेवायला उठली.

हेही घरोघर पोचलं आणि तिचा वर्ग पुन्हा भरला. आता महिन्यातून एकदा मी तिथं उच्चार शिकवायला जाते. मुली मला खुर्ची देतात, अदबीनं सलाम करतात आणि प्रश्न मात्र तिलाच विचारतात. मला अजूनही आवडत नाही ते. तरी मी जाते.