गुलाबी वाळूतली आई

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. मालवणजवळच्या आमच्या वाडीत, लग्न होऊन आल्यापासून ती ज्या वाळूत सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालायची, त्या वाळूला हॉटेलवाल्यांनी तारेचं कुंपण घातलं. कारण काय, तर पाहुण्यांना वास येतो.

त्याच हॉटेलात आदल्या हंगामात एक चित्रकार राहिला होता. त्याच्याजवळच्या पुस्तकात कुणा परदेशी माणसाने लांबच्या बेटावर काढलेलं जुनं चित्र होतं. माडांची सावली, गुलाबी वाळू, दोन बायका. "मला तुम्हाला असंच काढायचंय," ते दाखवत तो आईला म्हणाला.

आई मला म्हणाली, "ह्यो बायलो नुसत्यो बसल्यात कित्याक गो? ह्यांका कामा नाय?"

तरी सुंगटं वाळत घालता घालता तिने त्याला काढू दिलं. एकदा रापणीचं जाळं किनाऱ्याला ओढताना त्याने गंमत म्हणून दोराला हात लावला. आमच्याकडे जाळ्याचा दोर धरला की मासळीत वाटा मिळतो, मग तो कुणीही असो. आईने त्याच्यापुढे बांगडे ठेवले. "घे रे झिला, तुझो वाटो."

"मी काय केलं?"

"दोर धरलंस मां?"

कुंपण पडलं त्या सकाळी ती टोपली घेऊन फाटकाशी उभी राहिली. वॉचमन गावातलाच. खाली बघत म्हणाला, "काकी, आत सोडूक येवचा नाय. पण तुमचा चित्र लावलानी हा, जेवणाच्या हॉलात!"

मला सोडलं. माझ्याकडे टोपली नव्हती. चित्र भिंतभर होतं. मोबाइलवर फोटो काढून मी बाहेर आणला. उन्हाकडे पाठ करून आईने तो बघितला. गुलाबी वाळू, लालभडक लुगडं, मांडीवर रिकामे हात.

"सुंगटां खंय गेली गो?"

आता ती घरापुढच्या खळ्यात बसते. मी पत्रकं वाटते, सभांत घसा फोडते, आणि घरी येते तेव्हा ती तिथेच असते. परवा हसून म्हणाली, "बघ, मीय नुसती बसलंय." मला नाही हसता आलं.

तुम्ही मालवणात येता. त्या चित्राखाली बसून सोलकढी मागवता. यापुढे ताट येण्याआधी मालकाला बोलवा, भिंतीकडे बोट दाखवा आणि विचारा, हिचा वाटा कुठे? तिची वाळू तिला परत मिळेपर्यंत तिथे घासही घेऊ नका. उठा.