तीन राजांची बटणं

इंग्रज सोडले, तर माझ्या नवऱ्याने तीन राजांच्या आरमारात चाकरी केली, पण कोट एकच वापरला. गडद निळा, जाड लोकरीचा. राजा बदलला की फक्त बटणं बदलायची, आणि ते काम माझं.

पहिल्या महायुद्धात हे इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर खलाशी होते. हरिहरेश्वराच्या खाडीत लहानपणापासून वल्हं मारलेला माणूस. वारा, भरती, खडक, सगळं तोंडपाठ. पण हिंदी माणसाला तिथे साहेब होता येत नव्हतं. लढाई संपली, हे घरी आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "जो राजा मला साहेब करंल त्याच्याकडं जानार. मंग तो कुठला बी असंना." एकदा बोलले की बोलले. माझं ऐकतंय कोण!

आधी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाची गस्तीची बोट. तिथे हे छोटे साहेब झाले आणि तो कोट मिळाला, बटणांवर मुकुट नि चांद. मग अरबस्तानातल्या राजाची बटणं आली, तलवारींची. शेवटी इराणच्या शहाची. त्यांवर सिंह आणि त्याच्या पाठीमागे सूर्य. उतरवलेली बटणं मी उशांच्या अभ्र्यांना लावून टाकली. फुकट कशाला घालवायची? मिसरचा मुकुट ह्यांच्या गालावर उमटलेला मी कितीदा पाहिलाय.

राजाचं बटण मी एकेरी दोऱ्यानेच लावायची. उद्या उसवायचंच आहे, तर कापड कशाला फाडा? पण इराणात एकदा कवायत चालू असताना एक सिंह तुटला आणि गडगडत मोठ्या साहेबाच्या बुटापाशी जाऊन थांबला. रजेवर हे आले ते तणतणतच.

"दोरा दुहेरी घालाय काय व्हतं तुला?"

"शहाची चाकरी जन्माची हाय काय?"

सिंह पुन्हा एकेरी दोऱ्यानेच बसला.

खरं सांगते, राग मला त्या राजांचा नव्हता. आपल्या किनाऱ्यावर कुणी साहेब म्हणेना म्हणून माझा माणूस परक्या पाण्यात म्हातारा होत होता, त्याचा संताप यायचा.

पुढे कानावर आलं, मुंबईत आपलं आरमार उभं राहतंय आणि हिंदी पोरांनाही साहेब करतायत. हे शहाची नोकरी सोडून आले. दाढी नीट करून, अल्लाचं नाव घेऊन मुंबईला गेले. परतले त्या रात्री जेवणं झाल्यावर बोलले. तिथले म्हणाले, वय उलटलं, साहेब करता येत नाही. पोरांना शिकवायला हवं तर या, पण हुद्दा मिळणार नाही.

"आज ज्याला वल्हं धराया शिकवायचं, उद्या त्यालाच सलाम मारायचा? मी?"

ही रडायची वेळ नव्हती.

"इंग्रजांचं जहाज सोडलंत ते कशापायी? आपला मानूस साहेब व्हत न्हाय म्हणूनच ना? आता व्हतोय, तर त्याला शिकवनार कोन? इराणचा शहा?"

हे उठले, खुंटीवरचा कोट काढून माझ्यापुढे टाकला.

"काढ ते सिंह."

"आनि लावू काय?"

"घरात असंल ते."

घरात होती सदऱ्याची, शिंपल्याची पांढरी बटणं. त्या कोटावर ती अगदीच बारकी दिसायला लागली, काजांतून निसटू लागली. मग एकेक काज शिवून आवळलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या आगबोटीवर पोचवणारा पडाव धक्क्याला लागला. हे गळ्यापर्यंत कोट लावून उभे होते.

"ही कुठल्या राजाची बटनां गो?" शेजारीण म्हणाली.

"आमच्या घरची," मी म्हटलं.

पडावात बसल्यावर ह्यांनी सवयीने वरचं बटण ओढून पाहिलं. हललं नाही. पुन्हा ओढलं, आणि वळून माझ्याकडे बघितलं. दोरा मी दुहेरी घातला होता.