आबांच्या कार्डावरचं दुसरं खातं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ तर नाहीच — आबा त्याचे वडील. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आबांना ओळखत नाही.

आबा, माझे सासरे, पाचोऱ्याच्या बाजार समितीत मापाडी होते. चाळीस पोत्यांची वजनं संध्याकाळी तोंडपाठ सांगायचे, भल्याभल्या व्यापाऱ्यांना खोटं पाडायचे. कीर्तनं बघायला त्यांनी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं होतं. दर महिन्याला कार्डातून पैसे आपोआप कापले जायचे. मला मालिका बघायच्या होत्या, पण सुनेच्या मालिका सासऱ्यांच्या यादीत दिसणार — लाज वाटली. म्हणून माझ्या नंबरवर वेगळं खातं उघडलं. पहिला महिना फुकट होता. कार्ड मात्र आबांचंच टाकलं. त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही मीच वाचला. महिना संपायच्या आत बंद करू म्हटलं. केलं का? नाही.

मग एकाच कंपनीच्या नावाने, तेवढीच रक्कम, महिन्यात दोनदा कापली गेली. आबांनी मला विचारलं. तेव्हाच सांगून टाकायला काय झालं होतं? ते रागावलेही नसते. मी म्हणाले — तुमच्याकडूनच दोनदा दाबलं गेलं असेल, आबा.

ते ऐकतात कसले! मला घेऊन बँकेत गेले. तिथल्या मुलीने सरळ सांगितलं, "पैसे चुकून दोनदा नाही गेले, आबा. एका कार्डावर त्या अ‍ॅपची दोन खाती चालू आहेत. घरात दुसरं कुणी उघडलंय का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणाले, "अहो, वय झालंय त्यांचं. हल्ली विसरतात."

हे मी त्यांच्यासमोर म्हणाले. रिक्षात घर जवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, "मन्हं डोकं ठिकाणावर शे ना, माय?" आणि मी — हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

माझं खातं त्याच दिवशी गुपचूप बंद केलं. आबांनी कार्ड माझ्या हाती दिलं. मग कपाटाच्या किल्ल्या. मग एकट्याने बाजारात जाणंही सोडलं.

डॉक्टर म्हणतात, स्मरणशक्ती उत्तम आहे. आबांचा विश्वास बसत नाही. रोज जेवणानंतर ते माझ्यासमोर येऊन उभे राहतात आणि विचारतात, "मी गोयी लिधी का, माय?"

बीपीची गोळी त्यांनी घेतलेली असते. रोज.